वजा तीनशे शहाऐंशी

ताई,

रविवार, तुझ्या तेराव्याचा दुसरा दिवस. जागा मखमलाबाद, तुझ्या घराची मधली खोली. वेळ सकाळी दहा ते दुपारी सव्वादोन. हजर तिघे: मी, दाजी आणि तुझी सून अश्विनी. मोजल्या त्या तुझ्या रामनामाच्या वह्या. एकूण दहा. पहिल्या सात वह्यांत भरलेली घरं, म्हणजे नाम लिहायचे चौकोन, एक लाख पंचवीस हजार, त्यातून माझ्या लाल पेनाने वजा केलेली तीनशे शहाऐंशी. पुढच्या तीन वह्यांत त्रेचाळीस हजार तीनशे आठ, वजा काही नाही.

"आला मोजमाप्या," असं तू म्हणाली असतीस. "देवळात नेलं तरी पायऱ्याच मोजशील." म्हण. पण या वेळी मोजणं भाग होतं.

तू गेलीस त्या दुपारी मी दवाखान्याच्या जिन्यात, दहा-बारा नातेवाइकांसमोर, दाजींना म्हणालो, "तुम्ही मारलं तिला. तुम्ही आणि तुमच्या त्या महाराजांनी." त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत तुझी दहावी वही. त्यांनी ती या हातातून त्या हातात घेतली, एवढंच. पुढच्या तेरा दिवसांत मी चार वेळा तुझ्या घरी आलो, दहाव्याला गंगेवर त्यांच्या शेजारी उभा राहिलो, पण शब्द मागे घेतला नाही. माझी खात्री होती ना. मला खात्री असली की मी कसा असतो ते तुला माहीत आहे.

मग अश्विनीचा फोन आला. "मामा, आत्याबाईंच्या वह्या गंगेत सोडायच्या म्हणतात. तुम्हाला बघायच्यात का आधी?" मी म्हटलं, सोडण्याआधी मोजू.

तीन वर्षांपूर्वी तू झेंडू तोडायला जाणं बंद केलंस. त्याआधी तीस वर्षं तू सूर्य उगवायच्या आत वावरात असायचीस, सात वाजता पाट्या फुलबाजारात पोचलेल्या असायच्या. एके दिवशी तू हौदाच्या कठड्यावर बसलीस ती बसलीसच. "तोडून काय करायचं? उद्या सुकतात," म्हणालीस. केस विंचरणं सुटलं. झोप सुटली. रक्षाबंधनाला मी आलो, तर राखी बांधताना तुझे हात अर्ध्यात थांबले आणि अश्विनीने गाठ मारली.

दाजी तुला महाराजांकडे घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता, हे आज लिहिताना मला जड जातंय, पण पैसे त्याने कधी मागितले नाहीत. त्याने सांगितलं, मनाचा आजार नामाने जातो. सव्वा लाख रामनाम लिहायचा संकल्प करा. गोळ्यांनी बुद्धी झोपते, झोपलेल्या बुद्धीत नाम बसत नाही. दाजींनी लगेच वही आणली. तू तिच्यात एक अक्षर लिहिलं नाहीस, कारण पेन उचलायचीसुद्धा ताकद तुझ्यात नव्हती.

मी तुला गंगापूर रोडला डॉक्टरबाईंकडे नेलं. नेण्याआधी ओट्यावर माझं आणि दाजींचं भांडण झालं, तू दोघांच्या मध्ये शून्यात बघत बसली होतीस.

"बापू, तुमचा देवावर इस्वास नाय, म्हणून तिचाबी नसावा का?" दाजी.

"दाजी, तुमच्या झेंडूवर करपा आला की तुम्ही पहिल्यांदा नाम घेता की फवारणी करता?"

"फवारणी करताना नाम घेतो मी. लय वर्षं घेतो."

त्या दिवशी मला ते उत्तर हास्यास्पद वाटलं होतं. सगळ्यांत शहाणं वाक्य त्या ओट्यावर तेच होतं.

डॉक्टरबाईंनी तुझ्याशी तासभर बोलून शेवटी विचारलं, "मावशी, तुम्हाला काय करावंसं वाटतं?" तू म्हणालीस, "नाम लिहायचं होतं. होत नाही." मला वाटलं, बाई आता माझ्या बाजूने बोलतील. त्या म्हणाल्या, "होईल. गोळी सुरू करा, तीन-चार आठवड्यांत हात चालेल. मग रोज लिहा. आणि गोळी घेतली की त्याच वहीत, त्या दिवसाच्या शेवटच्या घरात लिहायचं, 'गोळी घेतली'. वेगळा कागद करू नका, हरवतो. वही तुम्ही हरवणार नाही."

बाहेर येताना मी कुरकुरलो. मला वाटलं, बरी झालीस तर श्रेय नाम लाटणार. माझी काळजी ती होती, ताई. तू बरी होशील का, ही नाही. श्रेय कोणाच्या खात्यावर पडेल, ही.

आणि तू बरी झालीस. एका महिन्याने तुझा हात चालू लागला. एका पानावर सत्तावीस ओळी, चार रकाने, एकशे आठ घरं. रोज तीन पानं. फुलं तोडून आलीस की हात न धुताच बसायचीस, म्हणून सगळ्या पानांचे खालचे कोपरे पिवळे आहेत. मी रविवारी ते पाहिलं. तिसऱ्या वहीपासून अक्षर सरळ झालंय. पाचव्या वहीत एका ठिकाणी वरणाचा डाग आहे. म्हणजे जेवताना वही उघडी होती, म्हणजे तू जेवत होतीस.

त्या वर्षात तू मला पुन्हा शिव्या द्यायला लागलीस. दिवाळीला माझ्या बायकोला म्हणालीस, "हा करंज्या खातो का मोजतो गं?" भाऊबीजेला माझ्या कपाळावर टिळा लावून हळूच विचारलंस, "काय रे, देव मोजत असंल का?"

"मोजत नसेल तर तू कशाला मोजतेस?"

"मी माझ्यासाठी मोजते. एकशे आठ झाले की वाटतं, आज एवढं तरी नीट झालं."

"ते गोळीमुळे."

"बरं, गोळीमुळे. पण गोळीची आठवण वहीमुळे. मग?"

"तरी गोळीमुळेच."

तू हसलीस आणि ताट उचललंस. तो वाद तिथेच राहिला. मला आज त्याचं उत्तर आलंय, पण तुझी बोलायची पाळी संपली.

आता ते, जे लिहायला बसलो.

तुझं सव्वा लाख पुरं झालं. उद्यापन ठरलं, मेहूण जेवायला घालायचं, माहेरची साडी मी आणायची. साडी मी घेतलीही, हिरवी, तुला आवडते तशी बारीक काठाची. तू वह्यांची थप्पी माझ्या घरी पाठवलीस. चिठ्ठी होती, "बापू, तू मोजलंस की मला खरं वाटंल."

आपले आबा विंचूरला बाजारात मापारी होते. कांद्याच्या गोण्या काट्यावर चढायच्या आणि आबा आकडा पुकारायचे. शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत असायचे. आपल्याला त्यांनी एकच शिकवलं, माप कुणाच्या बाजूचं नसतं. मी सिन्नरला एमआयडीसीत सत्तावीस वर्षं तेच करतोय. माझ्या सहीशिवाय खोकं गाडीत चढत नाही. खोक्यात शंभरच्या जागी नव्व्याण्णव नग निघाले तर मी मालकाचंही ऐकत नाही. तू मला मोजायला सांगितलंस कारण मी तसा आहे. आणि मी तसाच वागलो.

दोन सुट्ट्या लावून मी सातही वह्या घर न घर तपासल्या. रोजच्या तिसऱ्या पानाचं शेवटचं घर: गोळी घेतली. गोळी घेतली. गोळी घेतली. प्रत्येकावर मी लाल फुली मारली. कारण ते नाम नाही. घरं सव्वा लाख, पण नाम एक लाख चोवीस हजार सहाशे चौदा. तीनशे शहाऐंशी कमी.

मी तुझ्या घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तू झेंडूच्या माळा ओवत होतीस.

"अरे, पण डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं तसं लिहायला."

"लिहायला सांगितलं. मोजायला नाही सांगितलं. संकल्प नामाचा होता ना?"

"मग आता?"

"मग काय, साडेतीन पानं लिहून टाक. एका दिवसाचं काम."

मला ते इतकं सोपं वाटलं. कमी भरलं की भरून द्यायचं, आमच्याकडे असंच असतं. तू फुल्या बघत राहिलीस. पानं उलटत गेलीस, प्रत्येक तिसऱ्या पानावर तांबडी फुली. मग वही बंद केलीस आणि म्हणालीस, "बापू, तू रोजचं खोडलंस रे."

मी म्हणालो, "खोडलं नाही, वजा केलं."

त्या संध्याकाळी तू दाजींना महाराजांना फोन लावायला सांगितलास. तिकडून निर्णय आला: नामात दुसरं अक्षर मिसळलं म्हणजे संकल्प खंडित झाला. पुन्हा एकपासून. तुझ्या वह्या त्याने पाहिल्यासुद्धा नव्हत्या. माझा आकडा मात्र त्याला सांगितला गेला होता. त्याचा गोळ्यांवरचा राग आणि माझा नामावरचा, आयुष्यात पहिल्यांदा आमचं दोघांचं एकमत झालं, ते तुझ्या वहीत.

तू पुन्हा एकपासून सुरू केलंस. मला कळलं तेव्हा मी चिडलो, पण महाराजांवर. साडी आमच्या गल्लीत फॉल-पिकोला दिली होती, ती आणायची घाई उरली नाही. फोनवर तू म्हणालीस, "आता हात लय हलका चालतो. मागं जड असायचा." मी गाडी भरून घेत होतो. म्हटलं, "चांगलंय की." दोन शब्द. तेही मोजलेत.

ताई, थोडं तुझ्यावरही. गोळी सोडलीस हे तू मला स्पष्ट का सांगितलं नाहीस? मी ओरडलो असतो, म्हणून? ओरडलो असतोच. पण तू पंचावन्न वर्षं माझं ओरडणं ऐकून हसत आली होतीस, तेव्हाच का घाबरलीस? अश्विनीने विचारलं की तू तिला गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवायचीस. एवढी लबाडी तुला कधीपासून जमायला लागली? रागावलोय मी तुझ्यावर. मेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणतात. मी रागावलोय.

झोप पहिल्यांदा गेली. तू म्हणालीस, बरंच आहे, पानं जास्त होतात. मग एकभुक्त राहायला लागलीस. मग तेही नको. दवाखान्यात आणलं तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं, छातीत कफ भरला होता. पाच दिवस. पाचव्या दिवशी दुपारी तू गेलीस आणि मी जिन्यात उभा राहून दाजींकडे बोट दाखवलं, कारण माझ्या डोक्यात जुनं भांडण पक्कं बसलं होतं: गोळ्या बंद झाल्या म्हणजे त्या यांनीच केल्या.

रविवारी आधी पहिल्या सात वह्या झाल्या. माझाच आकडा पुन्हा आला. मग आठवी उघडली. पहिलं पान, एकशे आठ. दुसरं, तिसरं. तिसऱ्या पानाच्या शेवटच्या घरात नाम. पुढेही नाम. अश्विनी म्हणाली, "मामा, यात गोळीचं कुठंच नाही." मी म्हटलं, पुढे असेल. नवव्या वहीत नाही. दहावीची सतरा पानं, त्यांतही नाही. एकसष्ट दिवस, त्रेचाळीस हजार तीनशे आठ घरं, आणि एकही फुली मारायला जागा नाही. माझ्या मापाने इतकं निर्दोष काम तू आयुष्यात केलं नव्हतंस.

आठव्या वहीच्या पहिल्या पानावर वर तारीख आहे. ती मी तुला फुल्या दाखवल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे.

डॉक्टरबाईंनी तुझा देव आणि तुझं औषध एका घरात आणून ठेवले होते. रोज तीनशे तेवीसदा देव आणि एकदा गोळी, असा तुझा संसार चालला होता. मी आलो आणि म्हणालो, हे याचं घर नाही. तू ऐकलंस. तू गोळीला वहीतून काढलंस, आणि वहीत जागा नाही त्या गोष्टीला तुझ्या दिवसात जागा उरली नाही. आधीच्या वेळी कुणी वही उघडून बघितली असती, तर गोळी चुकल्याचं तिसऱ्या पानावर दिसलं असतं. ती दिसायची जागाच मी बंद केली होती.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "दाजी, जिन्यात मी जे बोललो ते मागे घेतो. गोळ्या तुम्ही बंद केल्या नाहीत. माझ्या फुल्यांनी केल्या."

अश्विनी उठून पाणी आणायला गेली. तिला रडायचं होतं.

दाजींनी आठव्या वहीवर हात ठेवला. मग म्हणाले, "बापू, मला ठावं होतं."

"काय ठावं होतं?"

"पाटीच्या तळाला, बारदानाखाली गोळ्या सापडल्या मला. पंधरा-वीस असतील. तव्हा तिनं नववी वही धरली होती."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? ती लिहीत होती. पहाटं उठत होती. मला वाटलं, नाम चाललंय, म्हणजे बरीच हाय. बोललो असतो तर तुमाला कळलं असतं, तुमी पुन्हा भांडायला आला असता." मग वही बाजूला सरकवून म्हणाले, "जिन्यात तुमी बोलला ते मी घेतलं. पुरं नाय माझं, पर अर्धं हाय."

मी त्यांना "नाही, नाही" म्हणालो नाही. तो अर्धा वाटा त्यांचा आहे. माझा मी वेगळा लिहिलाय.

मग त्यांनी एक विचारलं, ते तुला सांगायलाच हवं. "बापू, तुमी मापाचं माणूस. गोळीची घरं धरली असती, तर तिचं पुरं झालं होतं का?"

"सव्वा लाखाला एकही कमी नव्हतं."

"म्हंजे तुमी मोजलं त्या पयल्याच दिवशी?"

"मी मोजायला बसलो त्याच्या आधीच, दाजी."

ते एकदम ओरडले, मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "मग धरायची ना! धरायची होती ना, भाऊ! तुमच्या बापाचं काय जाणार होतं?"

आबांचं काहीच जाणार नव्हतं. आबा बारदानाचं वजन गोणीतून वजा करायचे. पण बारदान आधी हातात घेऊन, झटकून, बघून. त्यात काही गुंडाळून ठेवलेलं तर नाही ना, हे बघितल्याशिवाय त्यांनी कधी आकडा पुकारला नाही. ते शिकायचं माझं राहून गेलं.

तुझा देव मोजतो की नाही, मला अजून माहीत नाही. माझा त्याच्यावर विश्वास बसलेला नाही, आणि तू गेल्यामुळे बसावा असं काही घडलेलं नाही. पण त्या तीनशे शहाऐंशी दिवसांत तुला कोणी सांभाळलं, या आपल्या वादात मी हरलो, हे लिहून देतो. गोळी खरी होती. तिला रोज घर देणारी वहीही खरी होती. तुला बरं करणारं जे होतं ते दोन्ही मिळून एक होतं आणि ते वेगळं काढून मोजता येत नव्हतं. तुझ्यासारख्या दुसरीला उद्या कोणी असं वेगळं काढून दाखवायला लागलं, मग तो महाराज असो की माझ्यासारखा शहाणा, तर मी आडवा पडेन. तुझ्या वेळी मात्र पेन माझ्याच हातात होतं.

पहिल्या सात वह्या दाजी सोमवारी गंगेवर घेऊन गेले. त्याआधी मी प्रत्येक फुलीशेजारी निळ्या पेनाने बरोबरची खूण केली, तीनशे शहाऐंशी, आणि शेवटच्या पानावर लिहिलं: एकूण एक लाख पंचवीस हजार, पूर्ण. खाली सही केली. उरलेल्या तीन वह्या मी सोडू दिल्या नाहीत. त्या माझ्याकडे आहेत.

साडीचं राहिलं. तू गेलीस त्या दिवशी माहेरची साडी हवी म्हणून मी मुलीला फॉल-पिकोवाल्या काकूंकडे पिटाळलं होतं. साडी दोन महिने तिथे घडी घालून तयार होती. मुलगी काही न सांगता घेऊन आली. हिरवी, बारीक काठाची. ती नेसवूनच तुला नेलं.

काल संध्याकाळी काकूंचे पैसे द्यायला गेलो. त्या मशीनवरून न उठता म्हणाल्या, "इतक्या दिवसांनी नेलीत. बहिणीचं उद्यापन झालं का नीट?"

मी म्हटलं, "हो, पूर्ण झालं."

"साडी आवडली का त्यांना?"

फॉलचे आणि पिकोचे मिळून एकशे वीस रुपये झाले होते. ते दिले.